खाण्यासाठी सूर्यफूल, तेही बिनरासायनिक : कणीस मधोमध पोचट का राहतं?

मांजराकाठ | ८ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात औशाकडे आमची शेती. मध्यम काळी जमीन, विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी, पुढे रडतखडत. गेल्या वर्षी घरामागं गुंठाभर सूर्यफूल लावलं होतं. तेलाला नाही, खायला. लेक पुण्याहून सोललेल्या बियांची पाकिटं आणते. त्यावरची किंमत बघून आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "अगं, हे आपण पोत्यानं घाण्याला घालायचो." सोयाबीन यायच्या आधी आमच्या शिवारात सगळं पिवळंच असायचं म्हणे.

तर फुलं आली परातीएवढी. गल्लीतल्या पोरींनी फोटो काढून घेतले. पण कणसं वाळवून बडवली तेव्हा कडेच्या पाच-सहा रांगांत दाणा, आणि मधे तळहात मावेल एवढ्या जागेत नुसती फोलं. जो दाणा निघाला तोही काळा, बारीक. सोलताना नखं दुखली आणि आत गर चिमटीभर.

यंदा १० गुंठ्यांत उन्हाळी घ्यायचा विचार आहे. त्या तुकड्यात तीन वर्षं रासायनिक खत-औषध काही गेलेलं नाही आणि यंदाही घालायचं नाही. मधे पोचट का राहतं आणि खायचा दाणा मोठा कसा मिळेल, एवढंच विचारायचं आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

कोरडवाहू | ९ जानेवारी, सकाळी ६:१०

ताई, दोन वेगळी दुखणी तुम्ही एका पोत्यात भरलीत. पोचट राहणं वेगळं, बारीक दाणा वेगळा.

दाण्याचं आधी सांगतो. तुम्ही लावलं ते तेलाचं सूर्यफूल. आपल्याकडं सगळं तेलाचंच. १९६९ साली रशियातून जे वाण आले त्यांचीच ही वंशावळ. आमच्या सोलापूर भागात जुनी माणसं अजून "ईसी ६८४१४" म्हणतात, ते रशियाचं पेरेडोविक. पुढं मॉर्डेन आलं, एस. एस. ५६ आलं, भानू आलं, संकरित आले. सगळ्यांचं ध्येय एकच : काळी पातळ साल आणि आत तेल ठासून. साल गराला चिकटलेली असते, ती सोलायला केलेलीच नाही. खायचं बी पट्ट्यापट्ट्याचं असतं, राखाडी-पांढरं, लांबट, जाड सालीचं. कानाशी हलवलं तर आत गर खुळखुळतो. तेल कमी, पण दातात धरलं की साल फाटते.

अजून एक. दुकानातलं गुलाबी रंग लावलेलं बी आणू नका. ते औषध चोळलेलं असतं. सेंद्रियात चालत नाही आणि उरलंसुरलं भाजून खायचं तर नावच नको.

शंकासुर | ९ जानेवारी, दुपारी १:३२

कोरडवाहू काकांशी सहमत, फक्त बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य राहिलं. काळ्या चुनखडीच्या जमिनीत बोरॉन लागू होत नाही आणि सूर्यफुलाला ते लागतं. पोचट दाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. पाकळ्या उघडायला लागल्या की लिटरला २ ग्रॅम बोरॅक्सची फवारणी, फक्त फुलांवर. बोरॅक्स आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, गार पाण्यात गोळे राहतात. सेंद्रिय प्रमाणपत्र घेणार असाल तर सूक्ष्म अन्नद्रव्यं सरसकट चालत नाहीत. माती तपासून कमतरता दाखवावी लागते, संस्थेला आधी विचारावं लागतं.

बाकी मी सेंद्रियवाला नाही हे इथं सगळ्यांना माहीत आहे. हिशेब मात्र करून दाखवतो. बागायती सूर्यफुलाला हेक्टरी ६० किलो नत्र सांगतात. १० गुंठ्यांना झाले ६ किलो. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरला तर टनभर खतात ५ किलो, आणि तेही पहिल्याच वर्षी सगळं हाताला लागत नाही. जीवामृताच्या (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेल्या पातळ खताच्या) ड्रमात ते सापडणार नाही. तेव्हा ड्रम हलवत बसण्याआधी दोन गाड्या खत घाला.

मांजराकाठ | ९ जानेवारी, रात्री १०:०५

शंकासुर, खत आहे. दोन म्हशी, एक गाय, उकिरडा वर्षाचा कुजलेला. दोन गाड्या आणि वर पोतंभर निंबोळी पेंड घालते. जीवामृत मी घालणारच, तुम्ही नाक मुरडलं तरी. :-)

खायचं पट्ट्यापट्ट्याचं बी मिळतं कुठं? इथल्या कृषी सेवा केंद्रात विचारलं तर मुलगा माझ्याकडं बघत राहिला.

फार्गोकर | १० जानेवारी, सकाळी ८:४७

नमस्कार, नॉर्थ डकोटातून. नोकरीमुळे इथं येऊन पडलो आणि दोन वर्षांत सूर्यफुलाच्या गावचा झालो. अमेरिकेतलं बहुतेक सूर्यफूल आमच्या नॉर्थ आणि शेजारच्या साउथ डकोटात होतं. इथं तेलाचं आणि खायचं ही दोन पिकं वेगळी धरतात. बी वेगळं, अंतर वेगळं, खरेदीही वेगळी. खायच्यात दाण्याची जाडी चाळणीवर मोजून भाव ठरतो. म्हणून शेतकरी झाडं मुद्दाम विरळ ठेवतात. तेलाला एकरी २०-२२ हजार रोपं असली तर खायच्याला १५-१८ हजार.

गंमत म्हणजे हे मूळचं इथलंच, उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींनी माणसाळवलेलं झाड. ते युरोपमार्गे रशियात गेलं, तिथं थोर झालं आणि १८८० च्या सुमाराला "मॅमथ रशियन" नावानं परत इथं विकायला आलं. माहेरची पोर सासरचं आडनाव लावून आली, तसं.

मी जूनमध्ये येतोय. हवं तर किलोभर बी बॅगेतून आणतो.

शंकासुर | १० जानेवारी, सकाळी ९:१५

नका आणू. पेरायचं बी परदेशातून आणायला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. नियम त्रासदायक वाटतो, पण केवड्यासारखा रोग बियाबरोबर येऊ शकतो. एका किलोसाठी शिवाराशी खेळ नको.

फार्गोकर | १० जानेवारी, सकाळी ९:२८

बरोबर. सूचना मागे घेतो.

गच्चीवाली | १० जानेवारी, दुपारी ४:०३

मांजराकाठ, हसू नकोस, पण पोपटाचं खाद्य विकणाऱ्या दुकानात जा. मी पुण्यात गच्चीवर २० लिटरच्या पिशव्यांत चार झाडं लावली ती त्याच बियांची. पट्टेवालं, जाड, कच्चं. फक्त खारवलेलं-भाजलेलं नाही ना एवढं बघून घे. वाण कुठला ते देव जाणे.

आणि एक धडा फुकटात घे. खाऊन झालेली टरफलं मी हौसेनं बाकीच्या कुंड्यांत पसरली, आच्छादन म्हणून. मेथी उगवलीच नाही. दोनदा पेरली, दोनदा नाही. नंतर कळलं की सूर्यफुलाच्या टरफलात, पानात, धाटात दुसऱ्या बियांची उगवण दाबणारी द्रव्यं असतात.

कोरडवाहू | १० जानेवारी, संध्याकाळी ७:२०

खरंय. सूर्यफुलावर सूर्यफूल तर कधीच नको, तीन वर्षं तरी फिरवा. धाटं रानातच मोडली तर पुढच्या पिकाला थोडा दम द्यायचा, कुजू द्यायची.

पोपटाच्या दुकानातलं बी घ्या, पण आधी उगवण बघा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं, आठव्या दिवशी उघडायचं. निम्म्याच्या खाली आलं तर पोपटालाच द्या.

मांजराकाठ | १९ जानेवारी, रात्री ८:३०

लातुरात मिळालं. दुकानदारानं विचारलं, "ताई, पोपट किती आहेत?" मी म्हटलं, "अजून आले नाहीत, येतील."

शंभरातले ७१ उगवले. आबांनी दोनदा मोजले, कारण माझ्या मोजणीवर त्यांचा भरोसा नाही. बाकीच्यातले काही फुगून सडले, काही तसेच कोरडे.

अंतर ६० बाय ४५ सेंमी ठेवते आहे. नेहमीच्या ६० बाय ३० ला एकरी २२ हजारांच्या वर झाडं बसतात, माझी १५ हजारांच्या आत येतील, म्हणजे १० गुंठ्यांत ३,७०० च्या आसपास. एका जागी दोन दाणे, किलोभर बी पुरेल. ठीक आहे ना?

कोरडवाहू | २० जानेवारी, सकाळी ६:०२

ठीक. पण जानेवारी संपायच्या आत टोकण करा. फूल उमलताना पारा ३८ च्या वर गेला की पराग मरतो, मग कितीही पाणी द्या. बी ४-५ सेंमी खोल, वरंब्याच्या बगलेला. बियाला आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी) किलोला ५ ग्रॅम चोळा, नंतर ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी (नत्र आणि स्फुरद मिळवून देणारे जिवाणू) २५-२५ ग्रॅम, सावलीत सुकवून. आणि पंधराव्या दिवशी विरळणी करताना माया दाखवू नका. बायका दोन्ही रोपं ठेवतात, मग दोन्ही काडी होतात.

गच्चीवाली | २० जानेवारी, सकाळी १०:४४

"बायका" काय काका? आमच्याकडे माया नवरा दाखवतो.

सातेरी | २२ जानेवारी, रात्री ११:१०

धागा उशिरा पाहिला. मी महाबळेश्वर भागात मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतो. मधल्या पोचट जागेबद्दल सगळे खतावर बोलले. मला बोलायचं आहे माशीवर.

सूर्यफूल हे एक फूल नाही, हजार-दीड हजार बारीक फुलांची पंगत आहे. कडेच्या पिवळ्या पाकळ्या वांझ, त्या फक्त बोलावणं धाडतात. आतली फुलं बाहेरून आत उमलत जातात, रोज एक ते चार वेढे. एक कणीस पुरं उमलायला आठवडा ते दहा दिवस. प्रत्येक बारीक फुलात आधी पराग सुटतो, मग दुसऱ्या दिवशीच्या सुमाराला त्याचं स्त्रीकेसर तोंड उघडतं. म्हणजे स्वतःचा पराग स्वतःला वेळेवर मिळणं अवघड. शिवाय बऱ्याच जुन्या वाणांत स्वतःच्या परागावर दाणा धरतच नाही. नव्या संकरित वाणांत ती ताकद बरीच आणलेली आहे, पण पोपटाच्या दुकानातलं बी काय करील कोण सांगणार.

आता हिशेब लावा. कडेची फुलं उमलली तेव्हा माशा होत्या, दाणा भरला. आठ दिवसांनी मधली उमलली तेव्हा कुणी शेजारी फवारलं, किंवा ऊन वाढलं, किंवा तोवर झाडाची ताकद कडेच्या दाण्यांनी ओढून घेतली. मधे पोचट. कणसाचा मधला भाग म्हणजे शेवटच्या पंगतीला बसलेली माणसं, त्यांना आमटी पुरत नाही.

सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती आपली देशी माशी, तुमच्या उन्हात टिकायची नाही. मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी पाळीव माशीच्या, पेट्या फिरवणारे लोक आहेत, हेक्टरी ४-५ पेट्या सांगतात. तुमच्या १० गुंठ्यांसाठी कुणी पेटी आणणार नाही. पण तुमच्याकडे फुलोरी आणि आग्या या रानमाशा असणारच. बांधावरची झुडपं तोडू नका, फुलोरी तिथंच बसते. उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवा. आणि कळी फुटल्यापासून दाणा भरेपर्यंत निंबोळी अर्कसुद्धा सकाळी मारायचा नाही. सेंद्रिय आहे म्हणून माशीला चालतं, असं नसतं.

शंकासुर | २३ जानेवारी, सकाळी ८:५०

उत्तम प्रतिसाद. जोडीला : माशा कमी असतील तर हातानं परागीभवन. तळव्याला मलमलचं फडकं गुंडाळायचं आणि सकाळी ८ ते ११ मध्ये एकेका फुलावरून हलक्या हातानं फिरवायचं. एक दिवसाआड, चार-पाच वेळा. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

मांजराकाठ | ३१ जानेवारी, रात्री ९:१५

२८ ला टोकण झाली. खरिपात तिथं सोयाबीन होतं, नंतर रान मोकळंच. कडेनं चारी बाजूंनी ज्वारीच्या दोन ओळी टाकल्या, आबांच्या आग्रहानं. "पाखरू आधी कडेला बसतं," म्हणाले.

मांजराकाठ | २६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

महिना झाला. उगवल्यावर मैनांनी कडेची रोपं उपटली, तिथं परत दाणे टोकले. विरळणी केली, माया दाखवली नाही. दोन कोळपण्या आणि एक खुरपणी झाली. जीवामृत दोनदा, पाण्याबरोबर. पानांवर तुडतुडे दिसले म्हणून ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी मारला.

रोपं सकाळी पूर्वेकडे, संध्याकाळी पश्चिमेकडे. नात हातात घड्याळ घेऊन बसली होती.

फार्गोकर | २७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

ते फिरणं कळीपर्यंतच. फूल उमललं की बहुतेक तोंडं पूर्वेला करून थांबतात. २०१६ साली कॅलिफोर्नियात यावर अभ्यास झाला : कुंड्या उलट्या फिरवून काही फुलं मुद्दाम पश्चिमेला ठेवली, तर पूर्वेला तोंड असलेल्यांवर सकाळी पाचपट माशा आल्या. कारण काय, तर सकाळच्या उन्हानं ती लवकर तापतात. माशीलाही थंडीत उबदार ओटा लागतो. आमच्याकडं आज उणे १९ आहे, हे लिहिताना मलाही लागतोय.

खादाड | २७ फेब्रुवारी, दुपारी २:११

मी शेती करत नाही, फक्त खातो. बाजारच्या सोललेल्या बिया वाटून गव्हाच्या पिठात घालून सोडा टाकून केक केला. दुसऱ्या दिवशी कापला तर आत हिरवागार! बुरशी समजून सगळा टाकला. कुणाचं असं झालंय?

शंकासुर | २७ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

बुरशी नव्हती. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याच्या संगतीत ते हिरवं होतं. खायला काही हरकत नव्हती. पुढच्या वेळी सोडा कमी करून लिंबू पिळा.

धागा खाण्यावर आलाच आहे तर एक गंभीर गोष्ट. सूर्यफूल जमिनीतलं कॅडमियम ओढून दाण्यापर्यंत नेतं. म्हणून दूषित जमिनी स्वच्छ करायला सूर्यफूल लावून पाहतात. तेव्हा खायच्या पिकाला शहरी कचऱ्याचं किंवा सांडपाण्याच्या गाळाचं खत नको, फुकट मिळालं तरी. "सेंद्रिय" हा शब्द तिथं कामाला येत नाही. गच्चीवाली, तुम्हालाही.

गच्चीवाली | २७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

माझं खत माझ्याच भाजीच्या देठांचं आहे हो. पण लक्षात ठेवते.

मांजराकाठ | ३ एप्रिल, रात्री १०:२०

फुलं आली. छातीपर्यंत काही, काही डोक्यावरून अर्धा हात. एकाच बियातली, पण उंची एकसारखी नाही. काही झाडांना एकाऐवजी तीन-तीन लहान फुलं आली. वाण कुठला ते खरंच देव जाणे.

आता भानगड. पलीकडच्या रानात कलिंगड आहे. परवा सकाळी साडेआठला तिकडून फवाऱ्याचा आवाज आला आणि काल माझ्या फुलांवर माशा अगदी तुरळक. दहा कणसं उभी राहून मोजली, मिळून सहा माशा. आदल्या दिवशी एकेका कणसावर तीन-चार होत्या.

भांडायलाच निघाले होते. आबांनी थांबवलं आणि स्वतः गेले. म्हणाले, "तुझ्या वेलाला फळं धरायला माशी लागते का नाही? मग तिलाच का मारतोस? संध्याकाळी मार, तवर ती घरी गेलेली असते." तो बिचारा म्हणाला, हे मला कुणी सांगितलंच नाही. दुकानदारानं बाटली दिली, वेळ नाही सांगितली.

आजपासून मलमल. मलमल नाही मिळालं, आबांच्या जुन्या धोतराचं फडकं. मी आणि जाऊबाई, आठ ते साडेदहा. हात कोपरापर्यंत पिवळे.

सातेरी | ३ एप्रिल, रात्री ११:०२

आबांना दंडवत. इथं प्रशिक्षणात चित्रं काढून जे समजावतो ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं.

एक विनंती. एक ओळ हात न लावता सोडा. पुढं कापून बघू.

कोरडवाहू | ४ एप्रिल, सकाळी ५:५५

हरभऱ्यावरची घाटेअळी कणसावर येते, लक्ष ठेवा. थोडी असली तर वेचून काढा. जास्त झाली तर एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) हेक्टरी २५० एलई (त्याचं माप, बाटलीवर असतं), संध्याकाळी. आणि अळीसाठी रानात पक्षीथांबे लावले असतील तर दाण्यात दूध भरायच्या आत उपटून टाका. नाहीतर तुम्हीच राघूंना खुर्च्या मांडल्यासारखं होतं.

मांजराकाठ | ४ एप्रिल, सकाळी ६:४०

अगंबाई. पाच लावलेत. जाते.

मांजराकाठ | २१ एप्रिल, रात्री ९:००

राघू आले. पहिल्या दिवशी सात, आज मोजायच्या पलीकडं. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते दिवेलागण. कणसावर उलटे लटकतात, दाणा ओढतात, सोलतात, गर खातात आणि टरफल खाली टाकतात. मला सोलायला नखं लागली, त्यांना पाव सेकंद लागतो.

चमकत्या फिती बांधल्या, दोन दिवस घाबरले. डबा वाजवला, एक दिवस. ज्वारीच्या ओळींनी थोडं तोलून धरलं, कडेचं बरंचसं तिथंच खाल्लं. आता आबा खुद्द बांधावरच्या माळ्यावर बसतात, गोफण घेऊन. ऐंशीव्या वर्षी. दगड नाही घालत, ढेकळं घालतात आणि मारत नाहीत, फक्त आवाज काढतात. नात त्यांना चहा नेऊन देते आणि दोघं मिळून ओरडतात. माझ्या रानात यंदा सगळ्यात जास्त मजा त्यांची चालली आहे.

एकानं सुचवलं, जाळं लावून पकडा. नको बाई. पोपट पकडणं, पाळणं दोन्ही गुन्हा आहे.

कोरडवाहू | २२ एप्रिल, सकाळी ६:०५

पूर्वी शिवारभर सूर्यफूल असायचं, तेव्हा राघू वाटले जायचे. आता पाच गावांत तुमचं एकटीचं, म्हणजे सगळ्यांची एकच खानावळ. सूर्यफूल मोडण्यामागं भाव होता, रोग होता, पण आमच्याकडं निम्म्या लोकांनी राघूंमुळंच सोडलं. २०२५-२६ ला हमीभाव ७,७२१ रुपये क्विंटल होता. पण राखण करायला माणूस ठेवला तर त्यातलं काय उरतं ते ज्याचं त्यानं बघावं.

उरलेल्यातल्या मोठ्या कणसांना जुन्या साडीच्या पिशव्या बांधा. आता परागाचं काम झालंय, झाकलं तर चालतं. प्लॅस्टिक नको, आत घाम धरून कणीस सडतं.

मांजराकाठ | ९ मे, रात्री ९:३०

कापणी संपली ६ मेला. कणसाची पाठ लिंबासारखी पिवळी होऊन कडेला तपकिरी झाली की कापायचं, असं आबांचं माप. सगळी एकदम होत नाहीत, तीन फेऱ्यांत कापली.

दुसऱ्या फेरीत माती खाल्ली. कापलेली कणसं सावलीला ढीग करून ठेवली, म्हटलं सकाळी पसरू. रात्री अवकाळी आला. पत्र्याखाली होती, भिजली नाहीत, पण हवा दमट आणि कणसाची पाठ स्पंजासारखी, पाणी धरून बसते. दुसऱ्या दिवशी ढिगाच्या पोटात हात घातला तर गरम. चाळीसेक कणसांवर काळसर बुरशी. ती सगळी उकिरड्यावर. बाकीची स्लॅबवर तोंड वर करून एकेरी पसरली.

सातेरी, तुमची ओळ वेगळी कापली. नात आणि मी दोन्हीकडची दहा-दहा कणसं घेऊन बसलो. हात फिरवलेल्यांत मधली पोचट जागा एक-दोन बोटं. न फिरवलेल्यांत चार बोटं, दोनांत पुरा तळवा. बोरॅक्स दोन्हीकडं सारखाच मारला होता, माती तपासणीत कमी निघालं म्हणून.

सातेरी | ९ मे, रात्री १०:४५

हेच पाहायचं होतं. फोटो टाका ना.

शंकासुर | १० मे, सकाळी ७:५८

दहा-दहा कणसांवरून शास्त्र ठरत नाही, पण दिशा बरोबर आहे. वजन किती आलं ते लिहा. वाळवून, वाळवायच्या आधीचं नको.

मांजराकाठ | १७ मे, रात्री ८:५०

काठीनं बडवून, सुपानं पाखडून, चार उन्हं देऊन : ५८ किलो. राघू, बुरशी आणि पाहुण्यांचे खिसे वजा जाता. आबांचा अंदाज आहे की राघूंनी वीसेक किलो तरी नेलं.

मोठ्या छिद्राच्या चाळणीवर ४१ किलो राहिलं, ते खायचं. खालचं बारीक १७. दाणे कडकडीत वाळलेत, दातात धरले की टक आवाज येतो.

मोकळी कणसं म्हशींनी आवडीनं खाल्ली.

खादाड | १७ मे, रात्री ९:०२

आता माझी पाळी. भाजायचं कसं?

मांजराकाठ | १७ मे, रात्री ९:४५

लिटरभर पाण्यात तीन मोठे चमचे मीठ, त्यात बिया सालीसकट रात्रभर. सकाळी निथळून, फडक्यावर दुपारभर सुकवून, लोखंडी कढईत मंद आचेवर. हात थांबवायचा नाही. आधी फुसफुस वाफ येते, मग वास बदलतो, शेंगदाण्याचा यायला लागतो. तिथून दोन मिनिटांत उतरवायचं, गरम कढईत ठेवलं तरी पुढं जळतं. पहिली खेप अशीच कडू झाली. दुसरी खेप गावातल्या भडभुंज्याकडून वाळूत भाजून आणली, ती सगळ्यात सरस. त्याला खारवलेलं ओलं द्यायचं नाही, वाळूचे गोळे होतात म्हणून ओरडला.

आबांना दात नाहीत. त्यांच्यासाठी सोललेला गर, लसूण, लाल तिखट, मीठ, खलबत्त्यात. कारळ्याच्या चटणीसारखी, पण तेल जास्त सुटतं. सोलायला मिक्सर अगदी क्षणभर चालू-बंद करायचा आणि पाण्यात टाकायचं. टरफल बरंचसं वर येतं, गर खाली. सगळं वेगळं होत नाही, उरलेलं निवडावं लागतं. ते काम नातीचं, पगार म्हणून निम्मा गर तिचा.

कोरडवाहू | १८ मे, सकाळी ६:१५

ताई, जुलैत माझ्याकडं पाच गुंठे टाकून बघावं म्हणतो. यातलं किलोभर बी मिळेल का? पैसे देतो.

गच्चीवाली | १८ मे, सकाळी ९:३०

मलापण मूठभर!

मांजराकाठ | १८ मे, रात्री ८:२०

देते की. जी कणसं मधोमध भरलेली होती आणि झाडावर एकेकटीच आली होती, त्यांचं तीन किलो वेगळं राखलं आहे. आसपास दुसरं सूर्यफूल नव्हतं, त्यामुळं बाहेरचा पराग मिसळलेला नसावा. तरी झाडं एकसारखी येतील असं समजू नका, माझीच आली नाहीत.

आणि काका, लगेच पेरू नका. ताजं बी दीडेक महिना झोपलेलं असतं, उगवत नाही. मी आठ दिवसांमागं हौसेनं शंभर दाणे गोणपाटात गुंडाळले, आज उघडले तर नऊ. आबा म्हणाले, झोपू दे त्याला. २० जूनच्या पुढं परत बघते आणि मगच पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

बारीक १७ किलोचं काय करायचं कळत नव्हतं. लातूरच्या त्या दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, सगळं आणा, ताई.

आबांनी नको म्हटलं. आता ते पोतं ओसरीत आहे आणि ते रोज सकाळी दोन मुठी बांधावर नेऊन टाकतात. मी विचारलं नाही, कुणासाठी.

शंकासुर | १८ मे, रात्री ९:१०

पुढच्या वर्षी राखण दुप्पट लागणार, एवढं लिहून ठेवतो.